डिझाईन म्हणजे नुसती बुट्टी नव्हे

व्यापारी बंधूंनो, 'डिझाईन' हा शब्द आपल्या कापड बाजारात दिवसातून शंभर वेळा उच्चारला जातो. गिऱ्हाईक विचारते, "नवीन डिझाईन काय आले?" आणि आपण त्याच्यापुढे काठाचा, बुट्टीचा किंवा चौकडीचा नमुना टाकतो. डिझाईन म्हणजे नक्षी, एवढाच अर्थ आपण धरून बसलो आहोत. जगात मात्र या शब्दाचा अर्थ केव्हाच विस्तारला आहे. एखाद्या माणसाची अडचण नेमकी कोणती, ती कशामुळे निर्माण झाली आणि ती दूर करणारी वस्तू किंवा पद्धत कशी घडवावी, या साऱ्या विचारालाच आज डिझाईन म्हणतात. त्याचे पद्धतशीर शिक्षण दिले जाते व त्या शिक्षणाला 'डिझाईन थिंकिंग' असे नाव आहे.

हे काही कालपरवाचे खूळ नव्हे. आपल्या देशात अहमदाबादची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाईन १९६१ साली स्थापन झाली. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये १९६९ पासून डिझाईनचे केंद्र आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड केली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ च्या सुमारास यासाठी स्वतंत्र संस्था उभी केली. त्यांनी या विचाराच्या पाच पायऱ्या लोकप्रिय केल्या. अडचणीतल्या माणसाजवळ जाऊन त्याचे दुःख समजून घेणे, प्रश्न नेमक्या शब्दांत मांडणे, अनेक उपाय सुचविणे, स्वस्तातला कच्चा नमुना तयार करणे आणि तो नमुना त्याच माणसाच्या हाती देऊन पारखणे, अशा या पाच पायऱ्या होत. हे शिक्षण पुस्तक पाठ करून मिळत नाही. चार-पाच जणांचा गट करायचा, त्याला जगातला एक खरा प्रश्न द्यायचा आणि तो सोडविता सोडविता शिकायचे, अशी याची रीत आहे.

सरकारनेही ही दिशा धरली आहे. २०१६ पासून शाळांत अटल टिंकरिंग लॅब सुरू झाल्या. २०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये महाविद्यालयीन मुलांचे गट सरकारी खात्यांचे व उद्योगांचे प्रश्न सोडवू लागले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही करून शिकण्यावर भर आहे. तेव्हा वाट खुली आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की, या वाटेने चालणाऱ्या आमच्या मुलांच्या हाती आमच्या धंद्यातला एक तरी प्रश्न आहे काय?

प्रश्न आमच्या अंगणात, प्रोजेक्ट बाजारात

आमच्या मालेगावचेच उदाहरण घ्या. मोसम नदीकाठच्या या गावात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी हातमाग आणला, पुढे त्याचा यंत्रमाग झाला. एके काळी येथली रंगीत साडी नावाजलेली होती. आज बहुतांश माल कोरे कापड म्हणून गाठीत बांधला जातो आणि रंगाई-छपाईसाठी राजस्थानात पाली-बालोत्र्याकडे किंवा गुजरातेत जातो. कापड विणतो आम्ही, त्याला रंग, रूप आणि नाव देतो दुसरा. नफ्याचा मोठा वाटाही अर्थातच त्याच्या पदरी पडतो. यंत्रसामग्री सुधारण्यासाठी केंद्र सरकारची जी अनुदान योजना होती, तिची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. सुताचे भाव आज एक, उद्या एक. विजेचे बिल वेगळेच. कित्येक कारखानदारांनी जुने माग भंगाराच्या भावात विकून टाकले.

त्याच शहरात पॉलिटेक्निक आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मागावर काम करणाऱ्यांची मुले त्यांत शिकतात, ही अल्लाहची मेहरबानी आहे. शेवटच्या वर्षाला त्यांना गटाने प्रोजेक्ट करावा लागतो. पण पुण्या-मुंबईसारख्या शहरांत तयार प्रोजेक्ट विकणारी दुकाने आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. पैसे मोजले की यंत्र, वही आणि तोंडी परीक्षेची उत्तरे सारे एकत्र मिळते. गटातला एक जण धावपळ करतो, बाकीचे सही करतात. मुलांना दोष देण्याआधी आपण स्वतःला विचारावे की, त्यांना आपल्या कारखान्याचे दार आपण कधी उघडून दिले होते? "पोरं येऊन काय करणार, उगाच मागाला हात लावतील, धंद्याच्या गोष्टी बाहेर जातील," असे म्हणून आपणच त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवितो. मग त्यांनी प्रश्न आणायचा तरी कोठून?

प्रश्न बदलला की उत्तर बदलते

खऱ्या प्रश्नावर गटाने काम केले की काय होते, याचे एक गाजलेले उदाहरण सांगतो. २००७ साली स्टॅनफर्डमधील विद्यार्थ्यांच्या एका गटाला काम मिळाले की, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणारी काचेची पेटी स्वस्त करून दाखवा. त्या वेळी अशा पेटीची किंमत सुमारे वीस हजार डॉलर होती. वर्गात बसून विचार केला असता, तर त्यांनी पेटीचा एखादा भाग कमी करून ती थोडी स्वस्त केली असती. पण त्यांच्यापैकी एक जण नेपाळला गेला आणि त्याने रुग्णालय पाहिले. तेथे पेट्या होत्या, पण रिकाम्या पडल्या होत्या. कारण बाळे खेड्यापाड्यांत जन्मत होती आणि शहरातील रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हती. प्रश्न पेटीच्या किमतीचा नव्हताच. वीज नसलेल्या घरात, आईच्या कुशीत बाळ उबदार कसे राहील, हा खरा प्रश्न होता. त्यातून त्यांनी विशिष्ट मेणाची पिशवी असलेली छोटी झोळी तयार केली. मेण एकदा तापविले की ते काही तास बाळाला अंगाइतकी ऊब देते. त्या वस्तूचे नाव 'एम्ब्रेस'.

गोष्ट येथे संपत नाही. पुढे भारतात नमुना पारखताना एका खेड्यातील आईने सांगितले की, डॉक्टरांची औषधे फार जालीम असतात, म्हणून सांगितलेल्या मापापेक्षा ती थोडे कमीच तापवील. बाळाच्या जिवाशी गाठ होती. तेव्हा गटाने त्या वस्तूवरचे तापमानाचे आकडे काढून टाकले आणि पुरेसे तापले किंवा नाही एवढीच खूण ठेवली. हुशार इंजिनियरांना जे सुचले नव्हते, ते एका बाईच्या एका वाक्याने कळले.

यातून धडा काय? ज्याची अडचण, त्याच्याजवळ गेल्याशिवाय प्रश्न कळत नाही. माझे तर पुढचे म्हणणे आहे की, नुसते त्याच्याजवळ जाऊन भागत नाही, त्याला गटातच घेतले पाहिजे.

धोट्याचा धडा

आपल्या मागाचेच पाहा. कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालून सूत त्याच्या भोकातून बाहेर काढावे लागते. जुन्या धोट्यात हे भोक असे असते की, विणकर त्याला तोंड लावून श्वासाने सूत ओढतो. एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागतात. सुताची धूळ छातीत जाते, रोग एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची भीती राहते. इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्यांत ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली आणि तिच्याविरुद्ध कामगारांनी दीर्घ काळ ओरड केली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली तिच्यावर बंदी घातली. इंग्लंडात तसे नियम व्हायला १९५२ साल उजाडले.

आता नवलाची गोष्ट ऐका. तोंड न लावता सूत ओवता येईल असा धोटा अमेरिकेतील नॉर्थ्रप मागात १८९० च्या दशकातच आलेला होता. म्हणजे उपाय जगात हजर होता, तरी लँकेशायरच्या विणकराचे तोंड धोट्याला लागतच राहिले. का? कारण धोटा विकत घेणारा मालक होता आणि तोंड लावणारा विणकर होता. ज्याला त्रास होत होता त्याच्या हाती खरेदीची थैली नव्हती, आणि ज्याच्या हाती थैली होती त्याला त्रास होत नव्हता. बंधूंनो, आपल्या कारखान्यांतील निम्म्या अडचणी अशाच जातीच्या आहेत. आपल्याला त्या दिसत नाहीत याचे कारण आपली नजर अधू आहे हे नव्हे. त्यांचा चटका आपल्याला बसत नाही, हे खरे कारण आहे.

याच्या उलट उदाहरण तेलंगणातील चिंतकिंदी मल्लेशम यांचे आहे. पोचमपल्लीच्या साडीसाठी विणण्यापूर्वी सूत खुंट्यांभोवती गुंडाळावे लागते, त्याला 'आसू' म्हणतात. एका साडीसाठी बाईला हजारो वेळा हात वर-खाली करावा लागे आणि चार-पाच तास जात. मल्लेशम यांची आई लक्ष्मी हे काम करून खांदेदुखीने बेजार झाली होती. सहावीत शाळा सुटलेल्या या मुलाने पैसे जमतील तसे, एकेक हालचाल सोडवीत, वर्षानुवर्षे खटपट केली आणि १९९९ साली आसूचे यंत्र पूर्ण केले. चार-पाच तासांचे काम दीड-दोन तासांवर आले. २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दुःख घरातले होते, म्हणून प्रश्न अचूक कळला. मात्र ते एकटे होते, म्हणून इतकी वर्षे लागली. त्यांच्यासोबत दोन इंजिनियर मुले, एक लोहार आणि खर्चाला चार पैसे देणारा एक व्यापारी असता तर? गटाची गरज नेमकी येथे आहे.

कारागिराची रोजी न बुडविता

काही जण म्हणतील की, हे सारे शिकलेल्यांचे चोचले आहेत. मजुराने रोजी बुडवून वर्गात कसे बसावे? शंका रास्त आहे. तिचे उत्तर कच्छने दिले आहे. तेथे २००५ मध्ये कला रक्षा विद्यालय आणि पुढे २०१४ मध्ये सोमय्या कला विद्या, अशा संस्थांतून हाताने काम करणाऱ्या कारागिरांनाच डिझाईन शिकविण्यात आले. वर्षभर सलग वर्ग नव्हते. दोन-दोन आठवड्यांचे टप्पे आणि मधल्या काळात आपल्या गावी, आपल्याच कामावर अभ्यास. शिकविण्याची भाषा तिथलीच. त्यांत अजरखची छपाई करणारे आपले खत्री बांधवही आहेत. या खत्रींनी तर २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याच्या पाण्यातील लोह वाढून रंग बिघडू लागले, तेव्हा सर्वांनी विचार करून भूजजवळ अजरखपूर नावाचे नवे गावच वसविले. पाण्याच्या एका प्रश्नावर संपूर्ण जमातीने मिळून काढलेला हा तोडगा होय.

भाषेचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले आणि माझ्यासारख्या अनेकांना इंग्रजी शब्द समोर आला की आपले काम नव्हे असे वाटून मागे सरण्याची सवय लागली. पण प्रश्न विचारायला इंग्रजी लागत नाही. गटाची बैठक उर्दूत, मराठीत, खानदेशी बोलीत, ज्याला जी जमेल त्या भाषेत व्हावी. वही मागाहून इंग्रजीत लिहिता येते.

आणि ज्यांना गटाने विचार करणे ही परक्यांची रीत वाटते, त्यांनी खंदकाची लढाई आठवावी. हिजरी सन ५, म्हणजे इ.स. ६२७. मदिनेवर मोठी फौज चालून येत होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सहाबांशी सल्लामसलत केली. अरबांना ठाऊक नसलेली खंदकाची युक्ती सुचविली ती ह. सलमान फारसी (रजि.) यांनी, जे परदेशी होते आणि गुलामगिरी सोसलेले होते. कोण बोलतो हे न पाहता काय बोलतो हे पाहिले गेले. इतिहासकार लिहितात की, दहा-दहा जणांच्या तुकडीला चाळीस-चाळीस हात लांबीचे खोदकाम वाटून देण्यात आले आणि स्वतः प्रेषित (स.) यांनी माती वाहिली. खरा प्रश्न, सर्वांचा मशवरा, कामाची वाटणी आणि पुढारी स्वतः कामावर! यापेक्षा चांगला धडा कोणत्या विद्यापीठात मिळेल?

दोन अडथळे

आता व्यवहाराचे बोलू. आपल्या धंद्यात दोन अडथळे आहेत आणि ते झाकून चालणार नाही.

पहिला नकलेचा. एकाने नवा नमुना काढला की आठ दिवसांत शेजारच्या चार कारखान्यांत तोच माल निघतो आणि भाव पडतो. मग डोके चालविण्यावर खर्च कोण करील? नक्षीच्या संरक्षणासाठी २००० सालचा डिझाईन कायदा आहे, पण रोजच्या मालासाठी लहान माणूस कोर्टाची पायरी कोठे चढणार? म्हणून माझी सूचना अशी की, सुरुवात नक्षीपासून करूच नये. ज्या प्रश्नाच्या उत्तराची नक्कल झाली तर कोणाचेच नुकसान नाही, उलट साऱ्यांचा फायदा आहे, असे प्रश्न प्रथम घ्यावेत. कारखान्यातील सुताची उडती धूळ, मागांचा कान बधिर करणारा आवाज, शॉर्टसर्किटने लागणाऱ्या आगी, कांडीवर उरून वाया जाणारे सूत, कांड्या भरणाऱ्या बायकांची पाठदुखी. यांपैकी एकाचाही स्वस्त तोडगा निघाला आणि साऱ्या गावाने त्याची नक्कल केली, तर ती नक्कल म्हणजे सवाबाचे काम होईल.

दुसरा अडथळा विश्वासाचा आहे. मजुराला वाटते, ही पोरे वही-पेन घेऊन आली म्हणजे मालक आता आणखी दोन माग आपल्या गळ्यात बांधणार, नाहीतर आपल्याला घरी बसविणार. असे वाटले की तो खरे सांगत नाही, आणि खरे कळले नाही की प्रोजेक्ट पोकळ होतो. म्हणून काम सुरू होण्याआधी मालकाने चार लोकांसमोर जबान द्यावी की, या सुधारणेमुळे कोणाची रोजी जाणार नाही आणि उत्पादन वाढले तर मजुरीतही वाटा मिळेल. दिलेली जबान ही अमानत आहे. ज्याला ती पाळायची नसेल त्याने गट बोलावूच नये.

करावे काय?

एखाद्या मोहल्ल्यातील पाच-सहा कारखानदारांनी एकत्र यावे आणि जवळच्या पॉलिटेक्निकच्या शिक्षकांना भेटून एक गट मागावा. गटात दोन-तीन विद्यार्थी, एक मागवाला, एक जाणता मिस्त्री आणि हिशोब जाणणारा एक व्यापारी असावा. कांड्या भरणे हे बहुधा बायकांचे काम आहे, तेथे मुलींचा स्वतंत्र गट असावा. त्या घरात जाऊन बसतील आणि बायका त्यांच्याशी जितक्या मोकळेपणाने बोलतील, तितक्या आपल्याशी कधीच बोलणार नाहीत.

पहिले पंधरा दिवस कोणी उपाय सुचवू नये, फक्त पाहावे, विचारावे आणि लिहावे. दिवसपाळी पाहावी, रातपाळीही पाहावी. मग प्रश्न एका वाक्यात लिहून मागवाल्याला वाचून दाखवावा आणि त्याने "हो, हेच दुखणे" म्हटल्यावरच पुढे जावे. नमुना पुठ्ठा, तार, दोरी, लाकूड यांचा करावा. तो एकाच मागावर लावावा, दहा मागांवर नव्हे. महिनाभर पारखावा. बिघडला तर बिघडला, का बिघडला ते लिहून ठेवावे. शुक्रवारी कारखाने बंद असतात. त्या दिवशी नमाजनंतर तासभर सर्वांसमोर हिशोब मांडावा की काय केले, काय साधले आणि काय फसले.

खर्चाची चिंता करू नका. समजा, एका गटाच्या साहित्यावर दहा हजार रुपये गेले आणि सहा कारखानदारांनी ते वाटून घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन हजारांच्या आतच येतील. लग्नाच्या एका दावतीत आपण याच्या कितीतरी पट उडवितो. पाच गटांपैकी चार फसले आणि एकाने कांडीवरचे वाया जाणारे सूत वाचविले, तरी सौदा महाग नाही. आणि फसलेल्या गटांतील मुलेही प्रश्न कसा ओळखावा हे शिकून बाहेर पडतील. उद्या ती नोकरीत जावोत किंवा बापाच्या कारखान्यात येवोत, ही पुंजी त्यांच्याबरोबर राहील.

मित्रहो, यंत्र उसने आणता येते, भांडवल कर्जाने मिळते. पण आपल्या कारखान्यातील अडचण ओळखण्याची नजर कोणी बाहेरून आणून देणार नाही. आज आपण दुसऱ्याच्या नक्षीसाठी कोरे कापड विणतो आहोत. आपल्या मुलांची बुद्धीही तशीच कोरी ठेवून दुसऱ्याच्या हाती द्यायची, की आपल्याच मागावर बसवून तिला रूप द्यायचे, हे आपणास ठरवायचे आहे. यंदाचे शैक्षणिक वर्ष संपण्यापूर्वी प्रत्येक बाजारपेठेने निदान एक प्रश्न आणि एक गट उभा करावा. अल्लाह आपल्या हुनरात आणि रोजीत बरकत देवो. आमीन.